उडी कुणी मारली

सिनेमावर मत द्यायला मला कुणी शिकवलं न्हाई, आन माझं मत कुणी इचारील असंबी कवा वाटलं न्हवतं. पण त्या दिवशी आमच्या गावात, युसूफ वडगावात, ज्याला त्याला एकच सवाल, पिक्चर कसा वाटला. आन जवाब द्यायचा तो विजयसिंहदादाच्या तोंडाकडं बघून.

मी सुनिता. कोयत्यावर जाणारी बाई. आमच्यात कोयता म्हणजे नुसतं लोखंड न्हाई, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम तसंच मोजतो. मालकानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुढं ऊस तोडत जायचं, मी मागून मोळ्या बांधत जायचं. आठ सालं झाली. मालकाचं तोंड जेवढं बघितलं न्हाई तेवढी त्यांची पाठ बघितलीय मी. कोण म्हणंल ही काय सांगायची गोष्ट हाय का, पण पुढचं सगळं ह्या पाठीवरूनच झालं, म्हणून सांगितलं.

पिक्चरचं नाव 'वज्रकोयता'. सुंदररावांचा थोरला विजयसिंह त्यात हिरो. सुंदरराव म्हणजे शंभर एकराचे धनी, तालुक्याचं राजकारण त्यांच्या ओसरीवर ठरतं. दादाला यंदा झेडपीला उभं राहायचं व्हतं. त्याच्या आदी पिक्चर निघाला. चौकाचौकात बॅनर लागले, दादा हवेत उडतोय, हातात कोयता, कोयत्यातून ईज निघतीय, आन खाली लिवलेलं, 'एकही डुप्लिकेट न घेता सगळी मारामारी स्वतः केलेला मराठवाड्याचा वाघ'. कोयत्यावर जाणाऱ्या लोकांची मतं लई हायेत आमच्या भागात. म्हणून हिरोच्या हातात तलवार न देता कोयता दिला, एवढं तर अडाण्यालाबी कळत व्हतं.

आमचे मालक, सत्यम, वैशाखात दादाच्या शूटिंगला गेलते. काम काय, तर म्हणे मांडव घालायचा, सामान उचलायचं. दीड महिन्यानं आले ते उजवा हात गळ्यात बांधून. म्हणले, चौसाळ्याच्या पुढं हायवेला मोटारसायकल घसरली. मी मानलं. हात गळ्यातून निघाला, पण मालक काय कामाला लागले न्हाईत. सोयाबीन काढायला मी, पाणी धरायला मी, सरपण आणायला मी, आन हे दादाच्या ओसरीवर. माझं तोंड काय गप बसणारं न्हाई. "हिरोच्या मागं फिरून तुमीबी हिरो झालात व्हय," म्हणायचे. आयतखाऊ म्हणले, फुकटे म्हणले, सासूच्या देखत म्हणले. ते चिडायचे न्हाईत. एवढंच म्हणायचे, "यंदा साखर कारखान्याच्या ऊसतोडीला जायचं न्हाई. दिवाळी झाली की दादाच्या पिक्चरचा दुसरा भाग हाय. मला त्यात घेतलंय."

पिक्चर दाखवला खंडेनवमीला, दुपारी बारा वाजता, मंगल कार्यालयात पडदे ओढून. फुकट. दारात उसाची कमान केलती, ऊस जमिनीत खोचून शेंड्याच्या हिरव्या वाढ्यांसकट उभा केलता. त्याच्यापुढं सतरंजीवर आमच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या लोकांचे कोयते ओळीनं मांडून दादाच्या हातनं त्यांची पूजा. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. पूजेचं हत्यार त्या दिवशी उचलायचं न्हाई, ही आमच्याकडची रीत. सालभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस सुट्टी.

आत बाया एकीकडं, बापे एकीकडं. माझ्या एका बाजूला सासू, वत्सलाबाई, तिला धड दिसत न्हाई. दुसऱ्या बाजूला टोळीतल्या त्रिंबकची बायको कौसल्या. मागं म्हातारी ताराबाई, जिनं तीस सालं ऊस तोडला.

गोष्ट तशी सोपी. एक निळ्या तोंडाचा राक्षस नदी उचलून आपल्या जटंत बांधून ठेवतो. मुलूख वाळून जातो. मग हिरो गुहंत जाऊन एका जोगतिणीकडून कोयत्याची इद्या शिकतो, झाडावरून झाडावर उडतो, एका हातानं पन्नास राक्षस कापतो. ताराबाई मागून बडबडायली, "एवढी मुंडकी तोडली, एकदा तरी कानस लावली का कोयत्याला? धार राहतीय कशी?" बाया हसल्या. मीबी हसले. त्या येळेपर्यंत मी खुशीत व्हते, खोटं कशाला बोलू.

मग मोठी मारामारी आली. दादाचं तोंड दिसलं, दादा वरडला, आन मग कॅमेरा पाठीमागं गेला. हिरो पाठमोरा. समोरून भालेवाले राक्षस आले. हिरो कमरंत वाकला, डावा पाय पुढं टाकला, भाला पार बुडातून तोडला आन न बघता डाव्या खांद्यावरून मागं फेकला. दुसरा भाला, तसाच. तिसरा, तसाच.

माझं हसू तिथंच थांबलं.

ऊस तोडून असा न बघता मागं डावीकडं टाकायची खोड एकाच माणसाला हाय. कारण तिथं त्याची बायको उभी असती, त्याला म्हाईत असतं. ऊस बरोबर माझ्या पायापाशी पडतो, मला हात लांब करावा लागत न्हाई. पडद्यावर त्या जागी कुणीच न्हवतं. पण ते भाले माझ्याचकडं यायले व्हते. मी मालकाची पाठ वळखली. मानंवरची जुनी खाच वळखली. अंगावर दादाचे कपडे, डोक्यावर दादासारखे केस, पण आत माझा माणूस.

कौसल्यानं मला कोपर मारलं. "सुने, हे तर…"

"गप बस," मी म्हणले.

पण ती गप बसून काय व्हणार व्हतं. बाप्यांच्या बाजूनं कुजबुज उठली. चाळीस कोयत्याची आमची टोळी, एका उसाच्या फडात काम केलेली माणसं, पाठीवरून माणूस वळखणारी. एकेक मान माझ्याकडं वळायली. आन पुढच्या सोफ्यावर बसलेल्या दादाला काय बी पत्ता न्हाई. त्यांनी जल्मात कवा ऊस तोडला न्हाई, त्यांना वाटलं पाठ म्हणजे पाठ, कुणाची बी चालती.

मला राग आला, पण त्याच्या आत जरा बरंबी वाटलं. असं मनात आलं, की बघा, काय देखणा दिसतोय माझा माणूस. तेवढ्यात ती उडी आली.

राक्षस हिरोला किल्ल्याच्या बुरुजावर कोंडतो. हिरो वरून उडी टाकतो. पाठमोराच. लई उंच. खाली खडक. बाकी पिक्चरमदी हिरो पिसासारखा तरंगत यायचा, इथं तसं न्हाई. धाडकन आला. उजवा खांदा दगडावर आदळला, हात अंगाखाली मुडपला, आन हाड मोडल्यासारखा आवाज आला. तो आवाज कुणी पेटीवर वाजवलेला न्हवता. चौसाळ्याची मोटारसायकल मला तिथं सापडली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. लगेच दुसऱ्या बाजूनं दादाचं तोंड दिसलं, कपाळावर रगताची बारीक रेघ, आन दादा हसत उठला.

पडला माझा नवरा, उठला दादा.

सासूनं माझा हात धरला. "दादाला लागलं का गं?"

"न्हाई आत्या," मी म्हणले, "दादाला कुठं लागतंय."

मध्यंतर झालं. मी तडक बाहेर निघाले. मालक कार्यालयाच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी उभे व्हते, मला बघून त्यांनी मान खाली घातली. त्यांना कळलं, की मला कळलं.

"कोणती मोटारसायकल व्हती ती?" मी इचारलं.

"हळू बोल."

"मी हळूच बोलायलेय. जोरात बोलले तर तुमाला म्हाईत हाय."

ते म्हणले, "बेलभंडारा उचलून शपथ घेतलीय मी सुने. दादाच्या देवघरात. कुणाला सांगणार न्हाई म्हणून."

"मलाबी न्हाई?"

"तुला तर सगळ्यात आदी न्हाई. तुझं तोंड सगळ्यांना म्हाईत हाय."

हे खरंच व्हतं, त्याचा जास्त राग आला. मी इचारलं, "आन दुसऱ्या भागात काय काम हाय तुमचं?" ते टाकीकडं वळले. मी परत इचारलं, "उडी?"

"एवढी मोठी न्हाई. झाडावरून हाय. खाली गादी असतीय."

"तवा गादी कुठं गेलती?"

"सरकली."

गादी सरकली, हे असं सांगितलं की जशी चहात साखर कमी पडली. घरात एक पोर, एक धड न दिसणारी सासू, आन हे परत वरून पडायला निघालेले. मी म्हणले, "जायचं न्हाई. आपण कारखान्याला जाऊ. जसं आठ सालं केलं तसं."

"न्हाई जमायचं."

"कावून न्हाई जमायचं? तुमाला हिरोपणा पायजे म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, काय तरी बोलणार व्हते, मग गिळलं. म्हणले, "बाहेर दादाची बहीण स्वप्नालीताई मतं घ्यायलीय फोनवर. लाइव्ह हाय, सगळा जिल्हा बघतोय. तुला इचारलं तर चांगला हाय म्हण आन पुढं हो. एवढं एक ऐक. हात जोडतो." आन खरंच त्यांनी पोटापाशी हात जोडले.

मी आत जाऊन बसले. मध्यंतरानंतरचा पिक्चर मला काय बी कळला न्हाई. नदी सुटली म्हणे, लोक नाचले म्हणे. माझ्या डोक्यात एकच चालू व्हतं. ह्यांना दुसऱ्या भागाला जाऊ द्यायचं न्हाई. खांदा एकदा दगडावर पडला, वाचले. दुसऱ्यांदा डोकं पडंल. शपथ त्यांनी घेतलीय, मी घेतली न्हाई. पण मी माइकवर सरळ नाव सांगितलं तर लोक म्हणणार, सत्यमनंच बायकोला सांगितलं, शपथ मोडली. आमच्यात बेलभंडारा मोडलेल्या माणसाच्या हातचं पाणीबी कुणी घेत न्हाई. म्हणून नाव माझ्या तोंडून निघायला नको. ते दादाच्याच तोंडून निघायला पायजे.

पिक्चर सुटला. दारात कमानीपाशी स्वप्नालीताई फोन दांड्याला लावून उभी. दादाची धाकटी बहीण, अंबाजोगाईला कॉलेजला हाय, पोरगी गुणाची. तिच्या बाजूला दादा हात जोडून, गळ्यात हार. मागं आमचे मालक, पाण्याच्या बाटल्यांचं खोकं पायापाशी ठेवून.

लोक एकेक करून पुढं जायले. पहिला त्रिंबक. टोळीतला सगळ्यात धट्टाकट्टा गडी आन सगळ्यात वात्रट.

"पिक्चर एक नंबर," तो म्हणला. "दादा समोरून चांगले दिसतात. पाठीमागून तर लईच भारी."

मागं दोघंतिघं फिसकन हसले. ताईला काय कळलं न्हाई, तीबी हसली. दादा हसला न्हाई. त्यानं एकदा मागं वळून मालकाकडं बघितलं.

मग ताराबाई. "जोगतीण झालेली पोरगी चांगली हाय. राक्षस जरा येडपट हाय, पण ठीक. हिरोचा हात मातर लई सरावाचा हाय बाई. दहा सालं फडात काढल्याबिगर असला हात बसत न्हाई."

"दादानं चार महिने सराव केला, आजी," ताई म्हणली.

"असंल माय," ताराबाई म्हणली, आन माझ्याकडं बघत बाजूला झाली.

असंच चाललं. एक म्हणला फायटिंग खरी वाटली. एक म्हणला नदीचा सीन बघून पाणी आलं डोळ्याला. कुणी खोटं बोललं न्हाई, कुणी खरं बोललं न्हाई. जो तो बोलून झालं की माझ्याकडं बघायचा. मालकानं लांबून मान हलवली, न्हाई म्हणून. कौसल्या माझा पदर धरून उभी व्हती. मी पदर सोडवला आन पुढं झाले.

"वहिनी, कसा वाटला पिक्चर?" ताईनं माइक माझ्यापुढं धरला.

"चांगला हाय."

मालकाचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. ताई म्हणली, "दादाचा कोणता फाइट सीन आवडला?"

"बुरुजावरच्या उडीचा."

"का बरं?"

"तेवढा एकच खरा हाय म्हणून." मी दादाकडं वळले. "दादा, आमी अडाणी माणसं. पडद्यावरचं काय खरं काय खोटं, कळत न्हाई. तुमचा हात डोळ्यानं बघायचाय. हा कमानीचा एक ऊस तोडून दाखवा की."

दादा राजकारणातला माणूस. हसून म्हणाला, "वहिनी, आज खंडेनवमी. पूजेचं शस्त्र आज उचलायचं नसतं. तुम्हाला माहीत नाही का?"

"म्हाईत हाय," मी म्हणले. आन वाकून सतरंजीवरचा आमचा कोयता उचलला. हळदीकुंकवानं भरलेला. मागं बायांनी श्वास वडला. सासू म्हणत व्हती, काय केलं गं, कुणी काय केलं. मी कोयता दादाच्या पुढं धरला. "पाप लागंल ते मला लागंल. तुमी तोडा."

फोन चालू व्हता. ताईनं खाली घेतला न्हाई, तिलाबी सुचलं न्हाई. दादानं एकदा फोनकडं बघितलं, एकदा लोकांकडं, आन कोयता घेतला. उसाला हाणला. बुडातून न तोडता गुडघ्याएवढ्या उंचीवर, उभ्या उभ्या. ऊस चिरला, तुटला न्हाई. दुसरा घाव घातला, तवा वाकडातिकडा तुटला आन खाली हातभर धस, म्हणजे खुंट, राहिलं.

"मुकादमानं आई काढली असती," ताराबाई म्हणली.

लोक हसले. दाबून दाबून ठेवलेलं हसू व्हतं, ते लई मोठं आलं. दादाचं तोंड लालबुंद झालं. मला वाटलं आता हे काय तरी करतंय. पण मी जाग्यावरून हलले न्हाई.

पण दादा उगाच पुढारी न्हवता. त्यानं हार काढून हातात घेतला आन स्वतः पण हसला. म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. मला ऊस तोडता येत नाही. मला पिक्चरपुरतं ज्यानं शिकवलं आणि जिथं मला जमलं नाही तिथं जो उभा राहिला, तो माझा गुरू इथंच आहे. सत्यम, ये पुढं. आज सगळ्यांसमोर सांगतो, वज्रकोयत्यातला कोयता सत्यमचा आहे."

त्यानं हार मालकाच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. त्रिंबकनं शिट्टी मारली. आन मला काय झालं सांगू, माझ्या डोळ्याला पाणी आलं. जे माझ्या तोंडून निघायचं न्हवतं ते दादाच्या तोंडून निघालं. शपथ मोडली न्हाई, नाव झालं. मला वाटलं मी जिकले. आता एवढं उघड झाल्यावर हे लपून उडी मारायला कसे जातात तेच बघते, असं मनात म्हणले.

मालकाच्या तोंडावर मातर रगताचा थेंब न्हवता. हार घातलेला माणूस असा दिसत न्हाई.

दादानं कोयता त्यांच्या हातात दिला. "दाखव सगळ्यांना. सिनेमातल्यासारखा. एका घावात."

मालकानं कोयता डाव्या हातात घेतला.

"उजव्यानं, सत्या," मागून कुणी तरी वरडलं. "उजव्यानं घे बे, काय नाटकं लावलीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तसं बघणं मी कवा बघितलं न्हवतं. मग त्यांनी कोयता उजव्या हातात घेतला. हात वर उचलला. कमरंपर्यंत आला. छातीपर्यंत यायला त्यांचा खांदा वाकडा झाला, ओठ दातात धरले, मानंच्या शिरा फुगल्या. तिथून पुढं हात गेला न्हाई. आन कोयता हातातून सुटून सतरंजीवर पडला.

कुणी हसलं न्हाई आता.

मग माझ्या डोक्यात एकामागं एक यायला लागलं. शूटिंगवरून आल्यापासून मालक गुंडीचा सदरा घालत न्हाईत, सैल बनियनवर फिरतात. पोरीकडून केस विंचरून घेतात, मी म्हणायचे लाडात आलात व्हय. डाव्या हातानं चमच्यानं जेवतात, मी म्हणायचे साहेब झालात. रात्री कूस बदलताना कण्हतात, मी म्हणायचे खाऊन खाऊन पोट जड झालंय. तीन-चार महिने मी ह्या माणसाला आयतखाऊ म्हणले आन तो ऐकून घेत राहिला. लाज वाटली मला. तिथं सगळ्यांच्या समोर, जमीन फाटून आत जावं अशी लाज वाटली.

दादा पुढं झाला. त्याचा आवाज खरंच उतरला व्हता. "सत्यम, तू मला म्हणालास हात बरा झाला. परवा विचारलं तेव्हापण म्हणालास. अरे, दिवाळीनंतर तुला झाडावरून टाकणार होतो आम्ही. ह्या हातानं तू काय करणार होतास?"

मालकानं डाव्या हातानं उजवा हात धरून छातीशी घेतला. हळू म्हणले, पण माइक जवळच व्हता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"दादा, कोयत्याला हात लागतो. पडायला लागत न्हाई."

मी त्यांच्यापाशी गेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. मी म्हणले, "मला सांगायचं तरी." ते म्हणले, "तुला सांगितलं असतं तर तू एकटी गेली असतीस कारखान्याला. तोडायला तूच, मागं मोळ्या बांधायला कुणी नसताना." मी त्यांचा उजवा हात धरून ठेवला.

स्वप्नालीताईनं फोन खाली घेतला. "वहिनी, बंद करते मी," ती म्हणली. तिचे डोळे भरले व्हते.

"न्हाई ताई, राहू दे चालू," मी म्हणले. माझा सगळा राग परत वर आला, जाणार तरी कुठं. मी तिच्या हातातला माइक घेतला आन दादापुढं धरला. "दादा, आता हे तर येत न्हाईत. तुमी सगळ्यांच्या समोर एवढं सांगा. दुसऱ्या भागात उडी कोण मारणार?"

मला वाटलं दादा म्हणंल, मी मारतो. न्हाई तर म्हणंल, उडीच काढून टाकू. तेवढं एक वाक्य मला पायजे व्हतं, लोकांच्या साक्षीनं. दादा माइककडं बघत उभा राहिला. सुंदरराव लांबून त्याला या म्हणून खुणवायले.

तवा मागून आवाज आला.

"दादा, मी मारतो की. रोजगार काय पडंल तेवढं सांगा."

त्रिंबकचा व्हता. त्यानं हात वर केलता, सरळ, डोक्याच्या वर, सगळ्यांना दिसंल असा. त्याच्या तोंडावर चेष्टा न्हवती. त्याचं बघून पलीकडच्या एकानं हात वर केला. मग आणखी एकानं. मग माझी मोजणीच चुकली. सगळे आमच्याच टोळीतले, ज्यांनी आत्ताच मालकाचा हात खाली पडताना बघितला तेच.

कौसल्या माझ्या शेजारीच उभी व्हती. नवऱ्याचा वर गेलेला हात बघून तिनं माझा पदर परत धरला.